हंगामाच्या मध्यावरची निवड

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही उक्ती आम्हां परभणीकरांना इतक्या वेळा ऐकवली गेली आहे की तिच्यातला उपहास आता बोचत नाही. इतरत्र जमले तर उत्तम, न जमल्यास परभणी आहेच, असा तिचा सरळ अर्थ. पहिल्या पसंतीच्या यादीत ज्याचे नाव नव्हते त्याच्याकडे वळण्याचा प्रसंग तीत गृहीत धरलेला आहे. असा प्रसंग आयुष्यात येतो तसा खेळातही येतो. एका खेळात तर तो नियमांतच गोवलेला आहे. त्या खेळाचा, आणि विशेषतः त्यातील या दुसऱ्या निवडीचा, इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे.

या खेळाला ‘फँटसी फुटबॉल’ म्हणतात. खेळणाऱ्याने मैदानावर उतरावयाचे नसते. निरनिराळ्या खऱ्या संघांतील खेळाडू निवडून त्याने आपला एक कल्पित संघ बांधावयाचा, आणि ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जी कामगिरी करतील तिचे ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे गुण मोजावयाचे. संघ कल्पित, गुण मात्र खरे. कथात्म साहित्याशी ज्यांचा परिचय आहे त्यांस ही व्यवस्था अनोळखी वाटू नये.

खेळाचा उगम अमेरिकेतला. तेथे ‘फुटबॉल’ म्हणजे लंबगोल चेंडूचा, हातांनी खेळावयाचा खेळ. 1962 साली ओकलंड रेडर्स या संघाचा हंगाम अत्यंत वाईट चालला होता. चौदा सामन्यांपैकी त्यांनी अखेर एकच जिंकला. संघाच्या मालकीत अल्प हिस्सा असलेले बिल विंकनबाख हे त्या हंगामात संघाबरोबर दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात संघाचा एक अधिकारी आणि एक क्रीडापत्रकार यांच्यासह बसले, आणि तेथे या खेळाचे नियम ठरले. पुढल्या वर्षी, 1963 मध्ये, आठ संघांची पहिली स्पर्धा ओकलंडमध्ये सुरू झाली. ज्यांचा खरा संघ हरत होता त्यांनी कल्पित संघ निर्माण केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बेसबॉलमध्ये याच कल्पनेला 1980 साली डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने नवे रूप दिले. न्यूयॉर्कमधील ज्या उपाहारगृहात त्यांची मंडळी जमत त्याच्या नावावरून तो खेळ ‘रोटिसरी’ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक ‘मालका’ने 260 डॉलरच्या मर्यादेत लिलावातून 23 खेळाडू घ्यावयाचे असत.

या जुन्या स्पर्धांचा कणा असलेला नियम असा की एका स्पर्धेत एक खेळाडू एकाच मालकाचा. माझ्याकडे असलेला खेळाडू तुमच्याकडे असू शकत नाही. त्यामुळे हंगामाच्या आरंभीची निवड आटोपली की खेळाडूंचे दोन वर्ग पडतात: कोणीतरी निवडलेले आणि कोणीच न निवडलेले. या दुसऱ्या वर्गातील खेळाडूला ‘फ्री एजंट’ म्हणतात. मूळ शब्द व्यवसायातला. ज्याचा कोणत्याही संघाशी करार उरलेला नाही असा खेळाडू. कल्पित खेळात त्याचा अर्थ ‘उरलेला’ एवढाच. हंगाम चालू असता कोणी जखमी होतो, कोणाची लय हरपते, कोणाला खरा प्रशिक्षकच बाहेर बसवतो. मग मालकास उरलेल्यांच्या राशीकडे वळावे लागते. दोघांना एकच खेळाडू हवा असेल तर काय करावयाचे, याच्या दोन रीती रूढ झाल्या. पहिलीत गुणतक्त्यात जो तळाशी त्याचा हक्क पहिला. दुसरीत प्रत्येकास हंगामभरासाठी एक ठरावीक काल्पनिक रक्कम मिळते, बहुधा शंभर, आणि तीतून गुप्त बोली लावावयाची. पहिली रीत दुर्बळाला हात देते. दुसरी प्रत्येकाला त्याच्या घाईची किंमत मोजावयास लावते.

आमचे म्हणणे असे की या खेळातील विवेकाची खरी परीक्षा आरंभीच्या निवडीत होत नाही, ती येथे होते. आरंभीची निवड पुष्कळशी पाठांतराची असते. गतवर्षीचे आकडे सर्वांपुढे असतात, तज्ज्ञांच्या क्रमवारी छापलेल्या असतात, आणि दहा माणसे एकाच यादीवरून वाचत असतात. हंगामाच्या मध्यावर तशी यादी नसते. पुरावा तोकडा असतो, दोन किंवा तीन सामन्यांचा. एखाद्या अनोळखी खेळाडूने दोन सामन्यांत चमक दाखवली. ती त्याच्या गुणवत्तेची की योगायोगाची? त्याला संधी मिळाली ती कायमची, की जखमी खेळाडू परतेपर्यंतची? उरलेल्या सामन्यांत त्याच्यापुढे प्रतिस्पर्धी कोण आहेत? आणि सर्वांत कठीण प्रश्न: त्याला घ्यावयाचे तर सोडावयाचे कोणाला?

अनुभवी खेळणारे या प्रश्नांची उत्तरे शोधताना मिळवलेल्या गुणांपेक्षा मिळालेल्या कामाकडे अधिक पाहतात. एका सामन्यातील एक लांब धाव हा अपवाद असू शकतो. पण सामन्यात पंधरा वेळा चेंडू ज्याच्याकडे दिला गेला त्याच्यावर संघाने विश्वास टाकला आहे, हे उघड आहे. 2023 सालचे पुका नाकुआ याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. लॉस अँजेलिस रॅम्सने त्याला त्या वर्षीच्या खेळाडू-निवडीत पाचव्या फेरीत, 177व्या क्रमांकावर घेतले होते. संघाचा मुख्य झेलकरी कूपर कप जखमी झाल्याने नाकुआला संधी मिळाली. पहिल्या सामन्यात त्याने दहा झेल घेतले. तेवढ्यावर ज्यांनी त्याला उचलले त्यांना दुसऱ्याच सामन्यातील पंधरा झेल लाभले. ज्यांनी आणखी एक आठवडा पुराव्याची वाट पाहिली त्यांना तो मिळाला नाही. हंगामअखेर 105 झेल आणि 1486 यार्ड असा नवोदितांचा विक्रम त्याच्या नावावर होता. त्याआधी 1999 साली सेंट लुईस रॅम्सचा ट्रेंट ग्रीन हंगामापूर्वीच जायबंदी झाला आणि त्याच्या जागी कर्ट वॉर्नर हा जवळजवळ अज्ञात खेळाडू आला. त्याने 41 टचडाऊन पास दिले, सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला आणि संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. ही यशाची उदाहरणे झाली. दोन सामने चमकून विझलेल्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही. पण तेही याच राशीतून, याच आशेने उचलले गेलेले असतात.

तोकड्या पुराव्यावरून पूर्णाचे अनुमान करणे हे कौशल्य आपल्या परंपरेस अपरिचित नाही. वनपर्वातील नलोपाख्यान आठवावे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने राजा ऋतुपर्णाचा सारथी झालेला आहे. वाटेत बिभीतकाचा, म्हणजे बेहड्याचा, वृक्ष दिसतो, आणि ऋतुपर्ण त्यावरील पानांची व फळांची संख्या एकदम सांगून टाकतो. बाहुकाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, झाड तोडतो आणि मोजून पाहतो; संख्या बरोबर निघते. फांदीवरून वृक्ष ओळखण्याची ही विद्या आणि अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, या दोहोंची सांगड कथेने घातली आहे. नल आपले अश्वहृदय देऊन अक्षहृदय घेतो, कलीचा अंमल सुटतो, आणि गेलेले राज्य तो पुन्हा द्यूतातच जिंकतो. संभाव्यतेच्या विचाराचा इतिहास लिहिणारा तत्त्वज्ञ इयन हॅकिंग याने 1975 सालच्या आपल्या ग्रंथात या कथेची आवर्जून दखल घेतली आहे. आम्हांस त्यातील आणखी एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. नल कथेच्या आरंभी जाणकार नव्हता. डाव हरल्यानंतर, मधल्या काळात, स्वतःजवळची एक विद्या देऊन त्याने दुसरी पदरात पाडून घेतली.

आता थोडे आमच्याविषयी. 2015 साली आम्ही परभणीतील पाच शिक्षकांनी असाच एक खेळ वहीवर मांडला. इंग्लंडमधील प्रीमियर लीग हा आधार घेतला. तिचा अधिकृत कल्पित खेळ 2002-03च्या हंगामापासून चालत आला आहे. पण त्यात एकच खेळाडू लाखो जणांच्या संघांत असू शकतो, ते आम्हांस रुचेना. आम्ही अमेरिकी नियम घेतला: एक खेळाडू, एकच मालक. दर गुरुवारी संध्याकाळी चहावर वही उघडायची आणि तळाच्या माणसाने उरलेल्यांतून प्रथम निवड करावयाची. पैशाचा संबंध नव्हता. चहाचे बिल पाळीपाळीने दिले जाई.

आमच्या वाट्याला एडन हजार्ड आला. आदल्या हंगामातला इंग्लंडमधील सर्वोत्तम खेळाडू आपल्या वहीत आला, या आनंदात आम्ही पहिले दोन महिने काढले. हजार्ड गोल करीत नव्हता. उरलेल्यांच्या राशीत त्या वेळी लेस्टर सिटीचे जेमी वार्डी आणि रियाद महरेझ पडून होते. वार्डीने ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत लागोपाठ अकरा लीग सामन्यांत गोल केले. पाचव्या सामन्यानंतर आम्हांपैकी तळाच्या एकाने त्याला उचलले. पुढे महरेझही गेला. आमच्यापुढे महरेझचे नाव दोन गुरुवार होते. दोन्ही वेळा हजार्डच्या नावावर काट मारण्यास हात उचलला नाही. 14 डिसेंबरला लेस्टरने चेल्सीस 2-1 असे हरवले. लेस्टरचे गोल वार्डीचा आणि महरेझचा. हजार्ड पूर्वार्धातच दुखापतीने मैदानाबाहेर गेला. तीनच दिवसांनी चेल्सीच्या प्रशिक्षकाची गच्छंती झाली. हजार्डचा त्या हंगामातला पहिला लीग गोल झाला तो 23 एप्रिल 2016 रोजी. मे महिन्यात लेस्टर अजिंक्य ठरले आणि आमच्या वहीत आम्ही शेवटचे.

ही चूक माहितीच्या अभावाची नव्हती. आम्ही गतवर्षीचा हजार्ड वाचत होतो. समीक्षेत हा दोष आपल्या चांगल्या परिचयाचा आहे: लेखकाचे नाव एकदा मोठे झाले की त्याच्या नव्या पुस्तकात आपण जुनेच पुस्तक वाचतो, आणि शेजारी पडलेला अनोळखी संग्रह उघडत नाही. अभ्यासक्रमाच्या समित्यांवर ज्यांनी काम केले आहे त्यांना एखादे नाव वगळणे हे एखादे नाव घालण्यापेक्षा किती अवघड असते ते सांगावयास नको.

आमच्यापैकी एकाच्या घरी शेती आहे. त्याने त्या वेळी एक गोष्ट सुनावली ती येथे नोंदवतो. दुबार पेरणीची वेळ आली की शेतकऱ्याने पहिल्या पेरणीत काय गेले याचा हिशेब करून चालत नाही, हंगामाचे किती दिवस उरले याचा करावा लागतो. येथील कृषी विद्यापीठ आपत्कालीन पीक नियोजन सांगते ते याच तत्त्वावर. पाऊस लांबून जुलैचा पूर्वार्ध उलटला तर मूग-उडदाचा नाद सोडावा, आणि तूर, बाजरी, सूर्यफूल, एरंडी यांचा विचार करावा. पहिल्या पसंतीचे पीक कोणते होते याला तेव्हा महत्त्व उरत नाही. खेळातील चूक वहीत राहते, शेतातील कर्जात जाते. या दोन गोष्टी एका पारड्यात घालण्याचा आमचा हेतू नाही. विचाराची रीत मात्र एकच आहे.

येथवर आपण पूर्ण हंगामाच्या खेळाविषयी बोललो. भारतात हा खेळ सर्वदूर पोचला तो मात्र दुसऱ्याच रूपात. ड्रीम इलेव्हन ही कंपनी 2008 साली मुंबईत सुरू झाली. आरंभीचे काही प्रयत्न हंगामभराच्या खेळाचे होते. लवकरच तिने एका सामन्याचा खेळ स्वीकारला आणि तोच देशभर रुजला. शंभर श्रेयांकांत अकरा खेळाडू, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट, आणि सामना सुरू होताच संघ बंद. संध्याकाळी निकाल, दुसऱ्या दिवशी नवा संघ. 2020 साली आयपीएलचे नाव 222 कोटी रुपयांना या कंपनीशी जोडले गेले. परभणीच्या बसस्थानकावर, चहाच्या टपरीवर, वसतिगृहाच्या जिन्यात नाणेफेकीच्या आधी मोबाइलवर वाकलेल्या माना आम्ही याच काळात पाहू लागलो. या खेळात हंगाम नव्हता, म्हणून हंगामाचा मध्यही नव्हता. चुकलेली निवड दुरुस्त करण्याची सोय नव्हती. पुन्हा पैसे भरून पुन्हा आरंभ करणे एवढीच सोय होती.

मग हा जुगार की कौशल्य, हा प्रश्न न्यायालयांपुढे येणे क्रमप्राप्त होते. या प्रश्नाचा भारतीय इतिहास जुना आहे, आणि त्याचा एक मोठा टप्पा भाषेच्या अभ्यासकांना जवळचा वाटेल असा आहे. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्याचा निकाल दिला. विषय होता बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा. कोडे सोडवावयास शब्दज्ञान लागते, हे खरे. पण जेथे दोन शब्द सारखेच बसतात आणि आयोजकाने कोणता योजला आहे हे ताडावयाचे असते, तेथे शब्दज्ञान पुरे पडत नाही. न्यायालयाने त्या स्पर्धा जुगारी स्वरूपाच्या ठरवल्या, आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात ज्या स्पर्धांत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते त्या वेगळ्या काढल्या.

दुसरा टप्पा आमच्या प्रदेशाशी निगडित आहे. 1967 साली सर्वोच्च न्यायालयापुढे सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा प्रश्न आला. कायदा होता निजामाच्या राज्यातील, 1305 फसलीचा हैदराबाद जुगार अधिनियम. परभणी जिल्हा ज्या राज्यात होता त्या राज्याचा. रमी मुख्यत्वे कौशल्याचा खेळ आहे असे न्यायालयाने म्हटले. कारण असे दिले की पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, आणि कोणते पान ठेवावे व कोणते टाकावे याला कसब लागते. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. न्यायालयाला कसब दिसले ते वाटून आलेल्या पानांत दिसले नाही. ते ठेवण्या-टाकण्यात दिसले. आमच्या वहीतल्या गुरुवारांचे वर्णन याहून नेमके करता येणार नाही.

पुढे 2017 साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा ठरवला. खेळाडूंचा अभ्यास, खेळपट्टीची जाण, मर्यादित श्रेयांकांत संघ बसवणे, यांना कौशल्य लागते हे आम्ही नाकारत नाही. परंतु रमीच्या निकालातील कसोटी लावली तर एका सामन्याच्या खेळात टाकण्याचे पान उरतच नाही. अमेरिकेने 2006 साली ऑनलाइन जुगारावर निर्बंध आणताना कल्पित खेळांना सवलत दिली, तीतही निकाल अनेक सामन्यांतील एकत्रित कामगिरीवर ठरावा अशी अट होती. दीर्घ काळात नशिबाचे चढउतार एकमेकांस काही अंशी फेडतात आणि विवेक वर येतो. एका संध्याकाळीत तेवढा अवसर नसतो. कौशल्याचा युक्तिवाद जुन्या खेळाच्या नावलौकिकावर उभा होता, आणि नव्या खेळातून त्या कौशल्याचा सर्वांत कसदार भाग वगळला गेला होता, असे आमचे मत आहे.

हे मत आम्ही पुस्तकांतून बनवलेले नाही. 2023च्या आयपीएलच्या काळात आमच्या वर्गातील एका मुलाने परीक्षा शुल्कासाठी घरून आलेली रक्कम अशाच एका खेळात घालवली. आमच्यासमोर तो बसला तेव्हा रडला नाही. “सर, मी अभ्यास करूनच संघ लावला होता,” एवढेच म्हणाला. ते खोटे नव्हते. त्याच्या वहीच्या मागल्या पानांवर फलंदाजांच्या सरासऱ्या सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या आम्ही पाहिल्या. त्या दिवशी त्याला काय उत्तर द्यावे ते आम्हांस सुचले नाही. आता सांगता येईल ते असे: अभ्यास खरा होता, पण ज्या खेळात तो वापरला त्यात अभ्यास चुकल्यावर शिकण्यास जागा नव्हती. नलाला मधला काळ मिळाला. या मुलाला एक संध्याकाळ मिळाली.

22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत, नशिबाचे असोत वा दोहोंचे, त्याने सरसकट निषिद्ध केले. ड्रीम इलेव्हननेही आपल्या पैशांच्या स्पर्धा तेव्हाच थांबवल्या. शब्दकोड्यांपासून चालत आलेल्या कौशल्य-नशीब या भेदाला त्या कायद्यात स्थान नाही. व्यवहारात हे योग्य झाले असेल. त्या मुलाकडे पाहता आम्हांस तसेच वाटते. पण भेद कायद्यातून गेला म्हणून विचारातून जाऊ नये, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

असो. आमची वही मधल्या वर्षांत बंद पडली होती. कायदा झाला त्याच महिन्यात ती पुन्हा उघडली, जुन्याच नियमांनी. तो मुलगा आता शिकून बाहेर पडला आहे आणि गावातच असतो. सहावा गडी म्हणून आम्ही त्याला बोलावले. आरंभीच्या निवडीत त्याने सगळी मोठी नावे घेतली. तूर्त तो गुणतक्त्यात तळाशी आहे, आणि म्हणून येत्या गुरुवारी पहिली निवड त्याची आहे. कोणाला सोडावे, असे त्याने आम्हांस विचारले होते. आम्ही हजार्डची गोष्ट सांगितली, नाव मात्र सुचवले नाही.